शेजारधर्म आणि स्मृतिभ्रंश

भिंगारहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या शेजारच्या वाड्यात ऐंशीच्या घरातील एक आजी एकट्याच राहतात. मुलगा परदेशी असतो. साऱ्या आळीला तिथी-वार सांगणाऱ्या ह्या आजी अलीकडे गॅस पेटता ठेवून झोपी जातात, मोलकरणीवर चोरीचा आळ घेतात, आणि परवा शुक्लेश्वराच्या दर्शनाला म्हणून निघाल्या त्या दिवेलागणीनंतर भलत्याच रस्त्याला सापडल्या. “परक्याच्या संसारात आम्ही कितपत लक्ष घालावे?” असा भगिनींचा प्रश्न आहे.

भाजीत मीठ घातले की नाही हे विसरणे निराळे, आणि जन्मभर केलेली भाजी कशी करावी हेच न आठवणे निराळे. पहिले वयोमान होय. दुसऱ्याला ‘म्हातारचळ’ म्हणून हसणे हा अन्याय होय. डॉ. आलॉइस आल्झायमर यांनी १९०१ साली एक्कावन्न वर्षांची एक रुग्ण स्त्री तपासली व तिच्या मृत्यूनंतर १९०६ साली तिच्या मेंदूतील बदल जगापुढे मांडले. स्मृतिभ्रंशाची इतरही कारणे आहेत; पण तो स्वभावदोष नसून मेंदूचा विकार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना, म्हणजे शंभरांतील सातांहून अधिकांना, तो जडला आहे. चोरीचा आळही त्यातलाच. वस्तू ठेवल्याची आठवण पुसली गेली, म्हणजे ती कोणी नेली असेच वाटते.

म्हणून पहिले काम वैद्यकीय तपासणीचे. थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खिन्नता, मूत्रमार्गाचा संसर्ग, डोक्याला बसलेला मार, एखादे औषध, यांनीही असाच गोंधळ उडतो आणि तो पुष्कळदा बरा होतो. “तुम्हांला भ्रम झाला आहे” असे मात्र म्हणू नये. “मला रक्तदाब दाखवायचा आहे, सोबत चला” म्हटले तर आजींचा मान राहतो.

दुसरे काम मुलास कळविण्याचे. “आईकडे तुमचे लक्ष नाही” असा सूर लावल्यास तो दुखावेल. अमुक तारखेला अमुक घडले, एवढेच टिपून पाठवावे. ती टिपणे डॉक्टरांनाही उपयोगी पडतात.

तिसरे काम आळीने मिळून करावयाचे. एकत्र कुटुंबात वृद्धांकडे चार माणसे आलटूनपालटून पाहतात. ह्या आजींना ती चार माणसे शेजारातूनच मिळावयाची आहेत. रात्री रेग्युलेटर बंद झाला का, औषध घेतले का, हे एकेकीने पाहावे. त्यांच्या पिशवीत पत्त्याची चिठ्ठी असावी, आणि वाणी, रिक्षावाले व पुजारी यांना विश्वासात घ्यावे. हळदीकुंकवाच्या बैठकीत मात्र हा विषय निघता कामा नये.

कोणी त्यांच्याकडून कागदावर सही घेऊ पाहत असल्यास मुलास तत्काळ सांगावे. आपण काय करीत आहोत हे जिला उमगत नाही, तिने केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे टिकत नाही.

मुलाने दाद दिलीच नाही, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ ह्या विनामूल्य क्रमांकावर सल्ला घ्यावा. २००७ च्या कायद्याने नेमलेले निर्वाह न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असते, आणि ते स्वतःहूनही दखल घेऊ शकते. अशी व्यक्ती भरकटलेली आढळल्यास तिला संरक्षण देणे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांचे कर्तव्य ठरविले आहे. मात्र पुत्राशी बोलण्याआधीच कचेरी गाठू नये.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ ह्या २०१३ च्या चित्रपटात स्मृती हरपलेले एक संस्कृत पंडित हत्तीमागून वाट चुकतात, आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. नाव, गाव, विद्वत्ता यांपैकी काहीही ठाऊक नसता तिने जे केले, ते आजींची सारी हयात पाहिलेल्या शेजारणीस जड का जावे? भगिनींनी अवश्य लक्ष घालावे. आजींना त्यांचे नाव एखादे दिवशी आठवणार नाही. हाक मारली की दार उघडणारे कोणी शेजारी आहे, एवढा विश्वास तरी त्यांना वाटत राहावा.