सूर्यावरचे डाग आणि आपली लागण



शिरूर कासारच्या आठवडे बाजारात अलीकडे एक बोलणे कानी येते. सूर्यावर डाग पडले की पाऊस फिरतो, दर अकरा वर्षांनी दुष्काळ ठरलेलाच. मग ठिबक काय अन् पीकबदल काय, सगळं त्या नारायणाच्या हातात! यात थोडे खरे आहे, आणि तेवढ्यानेच माणूस फसतो.

डागांचे चक्र खरे. साधारण ११ वर्षांत डाग वाढतात आणि ओसरतात. डाग जास्त, तेव्हा सूर्याची उष्णता किंचित जास्त. पण किंचित म्हणजे हजारात एक भाग. १८७६-७८ च्या दुष्काळात इंग्रज अधिकाऱ्यांनी डाग आणि दुष्काळ यांची सांगड घालण्याची बरीच खटपट केली. पुढे १८९९ मध्ये कोडाईकनालची सौर वेधशाळा सुरू झाली. आपल्या पुण्यातल्या तख्तसिंगजी वेधशाळेची दुर्बीणही १९१२ मध्ये तिकडेच गेली. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी डाग आणि पाऊस यांचे आकडे ताडून पाहिले, तर संबंध अगदी दुबळा निघाला. उलट प्रशांत आणि हिंदी महासागरावरील हवेच्या दाबाचा झोका त्यांच्या हाती लागला. आज एल निनोचा अंदाज सांगतात, त्याचे मूळ तिथे आहे.

आपल्याच अनुभवावर घासून बघा ना. डागांचा कळस १९६८ ला, तळ १९७६ ला. आपला बहात्तरचा दुष्काळ दोहोंच्या अधेमधे. २०१४ ला पुन्हा कळस, २०१९ ला तळ. २०१२ आणि २०१५ चे दुष्काळ कळसाच्या आगेमागे, २०१८ चा तळाशी. आता यात अकराचा हिशेब कुणी बसवून दाखवावा!

दीर्घ काळात सूर्याचा परिणाम होतो, हे आम्ही नाकारत नाही. १६४५ ते १७१५ या काळात डाग जवळजवळ नाहीसेच झाले होते, आणि युरोपात थंडी वाढली होती. (तिला ज्वालामुखींचीही साथ होती म्हणतात.) दख्खनचा १६३०-३२ चा भयंकर दुष्काळ मात्र त्याच्या आधीचा. आणि १९८० नंतर सूर्याची उष्णता वाढलेली नाही, तरी पृथ्वी तापतेच आहे. ती कोळशाच्या आणि तेलाच्या धुराने. त्याचा दोष सूर्याच्या माथी मारता येत नाही.

आम्हांस हे लिहावेसे वाटले ते उसापायी. सूर्यावर हवाला ठेवून सिंदफणेच्या काठी विहिरीच्या शेवटच्या परसावर आडसाली लावायची, उन्हाळ्यात ती जळाली की उचल घेऊन कोयता उचलायचा, अन् लेकरांची शाळा मोडायची, हे किती वर्षं चालायचं? आडसालीला ठिबकची अट घालावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही सभासदांना ते रुचणार नाही, न रुचो.

लागणीच्या नोंदीच्या अर्जावर विहिरीची मार्चमधली पाणीपातळी लिहिण्यासाठी एक रकाना असावा, अशी सूचना आम्ही येत्या वार्षिक सभेपुढे ठेवणार आहोत. सभासदांनी आपापली पातळी मोजून आणावी.