यंत्राची पूजा आणि यंत्राची परीक्षा

विजयादशमीच्या दिवशी आमच्या पेडणे-डिचोली भागात कोयता, कुऱ्हाड आणि नांगर ह्यांच्या जोडीला आता मोटारसायकल, पाण्याचा पंप आणि गवत कापण्याचे यंत्र ह्यांनाही झेंडूची माळ चढते. ही प्रथा आम्हांस प्रिय आहे. ज्या साधनावर पोट चालते त्याचे ऋण मानणे हा सुसंस्कृतपणाच होय. परंतु ज्या यंत्राला आपण गंधाक्षता वाहतो, त्याच्या प्लगवर किती काजळी साठली आहे, हे वर्षातून एकदा तरी कोणी पाहतो काय?

मागे काजूच्या बागांतील रान साफ करण्याच्या दिवसांत, रोजंदारीने रान कापणाऱ्या एका शेजाऱ्याचे यंत्र ऐन सकाळी बंद पडले. दोरी ओढून ओढून त्यांचा खांदा दुखावला. प्लग बदलला, गुण आला नाही. मग अंदाजानेच कॉइल बदलली; तरीही यंत्र मुकेच. तीन दिवसांची मजुरी बुडाली, कॉइलचे पैसे गेले ते वेगळेच. अखेरीस दोष सापडला तो कोठे? यंत्र बंद करण्याच्या बटणाकडे जाणाऱ्या तारेचे आवरण झिजले होते आणि ती तार धातूच्या दांड्याला टेकत होती! आम्ही विद्यार्थी तेथे नुसते उभे होतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर आम्ही परीक्षेत पानभर उत्तर लिहिले होते. पण तोच नियम समोरच्या यंत्रात नांदत आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. त्या दिवशीची लाज हेच ह्या लेखाचे कारण.

वस्तुतः हे गूढ फार मोठे नाही. यंत्राच्या चाकात चुंबक बसवलेले असते. ते कॉइलजवळून फिरले की तिच्या आतील वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न होतो. तो योग्य क्षणी एकाएकी तोडला की बाहेरच्या बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब निर्माण होतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. पूर्वी प्रवाह तोडण्याचे काम उघडझाप करणारे पॉइंट करीत. आता बहुतेक यंत्रांत ते इलेक्ट्रॉनिक मंडल करते. उच्च दाबाचा असा मॅग्नेटो बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड ह्यांनी १९०२ साली सिद्ध केला.

मग परीक्षा कशी करावी? प्रथम प्लग काढून त्याचे टोक पाहावे. फिकट तपकिरी रंग आरोग्याचे लक्षण. कोरडी काजळी असल्यास हवेची गाळणी तुंबली असावी किंवा पेट्रोल जास्त जात असावे. पांढरेफटक टोक अतिउष्णतेची सूचना देते. टोकांतील फट पुस्तिकेप्रमाणे, बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर, आहे की नाही हे पातीने मोजावे. नंतर ठिणगी तपासण्याचे छोटे उपकरण लावून, सांडलेले पेट्रोल पुसून आणि प्लगच्या भोकापासून दूर राहून, ठिणगी पाहावी. उघडी तार हाती धरू नये. मोकळ्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरातील दाबाखाली उडेलच असे नाही, म्हणून उपकरण हवे. ठिणगी नसेल तर बटणाची तार सोडवून पुन्हा पाहावे. आता ती उडाली, तर दोष तारेत किंवा बटणात आहे, कॉइलमध्ये नव्हे. एवढी एकच पायरी आमच्या शेजाऱ्याचे तीन दिवस वाचवती! आमच्या पावसाळ्यात तर प्लगच्या टोपीत ओल शिरते आणि चाकाच्या चुंबकावर गंज चढतो. तेव्हा चार महिने पडून राहिलेले यंत्र पुसून, तपासून मगच रानात न्यावे.

कोणी म्हणेल, हे मिस्त्रीचे काम, विद्यार्थ्याचे नव्हे. हा विचार आम्हांस मान्य नाही. १८८८ साली बर्था बेंझ ह्या आपल्या दोन मुलांना घेऊन मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. वाटेत प्रज्वलनाच्या तारेचे आवरण झिजले, तेव्हा त्यांनी मोज्याच्या बंदाने ती तार झाकली आणि प्रवास पुरा केला, असे सांगतात. मोटारीची कीर्ती वाढवणाऱ्या त्या बाईंना हात काळे करण्यात कमीपणा वाटला नाही. मग तो आम्हांस का वाटावा?

पेडणे आणि डिचोली येथे सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांच्या साहाय्याने प्रत्येक विद्यालयाने वर्षातून एक शनिवार ह्या कामी द्यावा. दसऱ्याआधीचा शनिवार उत्तम. गावकऱ्यांनी आपली यंत्रे प्रयोगशाळेच्या पडवीत आणावी, आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी ती क्रमाने तपासावी. त्यातून गावाची मजुरी वाचेल आणि आमचे विज्ञान वहीतून हातात उतरेल.

झेंडूची माळ अवश्य घालावी. मात्र त्याआधी प्लग पुसावा. ज्या साधनाला आपण नमस्कार करतो, त्याची प्रकृती विचारणे हीच त्याची खरी पूजा होय.