चित्र निसर्गाचे, सूर दिवाणखान्याचे

सुट्टीत मुलाकडे शहरात गेलात, तर हा प्रकार तुमच्याही पाहण्यात येईल. भिंतभर टीव्ही, कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर आणि पडद्यावर तासभर नुसते ढग, धबधबे, उमलणारी फुले. कथा नाही, निवेदन नाही. सोबत मोठ्या हॉटेलच्या बैठकीत वाजते तसले संथ वाद्यसंगीत. त्याला लाऊंज म्हणतात. होम थिएटरच्या शौकिनांना त्याचे भारी वेड! रॉन फ्रिक यांचा १९९२चा 'बराका' हा त्यांचा लाडका चित्रपट. त्याचे संगीत लाऊंजपेक्षा भारदस्त, पण २४ देशांतली दृश्ये आणि संवाद एकही नाही.

माझ्या थोरल्या भावाचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा पुतण्याने करमणुकीसाठी त्यांना असेच काही लावून दिले. काळे ढग भराभरा चालून आले. दादा उठून बसले. "अरे, गडगडाट कुठंय? ते वाद्य बंद कर बघू." पुतण्याने संगीत बंद केले. खाली काहीच नव्हते!

यात लबाडी नाही. अशी दृश्ये सुटी सुटी चित्रे घेऊन जोडतात. दर १० मिनिटांनी एक चित्र घेतले, तर दिवसाची १४४ होतात. सेकंदाला २४ या वेगाने ती ६ सेकंदांत संपतात. हरभऱ्याचा दाणा मातीतून वर यायला लागणारे पाच-सहा दिवस अर्ध्या मिनिटात उरकतात. कोंब कसा वाकून वर येतो हे पाहायला ही रीत फार उत्तम. मुलांना जरूर दाखवा. पण सुट्या चित्रांना आवाज कुठला? ती मुकीच. म्हणून वरून संगीत घालावे लागते.

आवाज हवा असेल तर मोबाइलवर साधे चित्रण करा, वेग वाढवू नका. मोबाइल आडवा धरा, कशाला तरी टेकवून ठेवा आणि वाऱ्याच्या आडोशाला बसा. नाहीतर नुसता घोंघाट येतो.

वहिनी गावीच होत्या. त्यांनी गोठ्यात बसून पत्र्यावरचा पाऊस अर्धा तास टिपून पाठवला. चित्र काय, अंधार आणि पागोळ्या! पुतण्याने तोच मोठ्या स्पीकरवर लावला. दादा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "रेडकू आत घेतलंय का, विचार की तिला."