संत्रा सडतो कुठे?

परवा बाजारातून येताना एक मैत्रीण भेटली. "काय गं, बगीच्याचं काय यंदा?" असं सहज विचारलं, तर म्हणाली, "अर्धा माल विकला, अर्धा उकिरड्यावर." आणि हसली. तिचं ते हसणं घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना.

काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी. या पट्ट्यात घरोघरी हेच ऐकू येतं. कारण विचारा, पुरुषमंडळी एकच नाव घेतील, बांगलादेश! ते खोटं नाही. आपला बराच संत्रा तिकडे जायचा. २०१९ पासून तिथल्या सरकारनं आयात शुल्क वाढवत नेलं, २०२३ साली ते किलोमागे ८८ टका झालं. त्या वर्षाच्या शेवटी आपल्या राज्य सरकारनं निर्यातीसाठी अनुदान जाहीर केलं. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं होतं. मान मोठा, पण मानानं फळ टिकत नाही ना!

ढाक्याचं शुल्क काटोलात बसून कमी होणार नाही. तोडणी मात्र आपल्याच बगीच्यात होते, आणि सडायची सुरुवात तिथेच होते.

आमच्या बचत गटातल्या कितीतरी जणी सीझनमध्ये संत्रा निवडायला जातात. पुरुष शिडीवर चढून तोडतात, खाली बायका लहान-मोठा वेगळा करतात. एकदा मीही दिवसभर बसले. फळ ओढून तोडलं की देठाजवळची साल उचकटते. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढी ती जखम, पण हिरवी बुरशी नेमकी तिथूनच आत शिरते. धड सालीतून तिला सहसा वाट मिळत नाही. मग एक नासका संत्रा क्रेटभर भुकटी उडवतो. कात्रीनं, देठाचं बारीकसं बटण ठेवून कापलं तर हे बरंच टळतं. दुसरं म्हणजे दव. आंबिया बहाराच्या दिवसांत पहाटे साल पाण्यानं टरारलेली असते. तेव्हा दाबलं की सालीतलं तेल फुटून डाग पडतात. (सोलताना डोळ्यात उडतं ना, तेच तेल.) म्हणून दव सुकल्यावरच तोडावं. आणि संत्रा आंब्यासारखा आढीत गोड होत नाही. कच्चा तोडला तो आंबटच राहतो.

हे सगळं मी तिथल्या बायांना उत्साहानं सांगायला गेले. एक आजी म्हणाल्या, "आमाले काय सांगता ताई, व्यापाऱ्याले सांगा. त्याले गाडी भराची घाई असते."

खरी गोम ही आहे. बगीचा झाडावरच विकला की तोडणी व्यापाऱ्याची. मी पाहिलेल्या बगीच्यांत मजुरी क्रेटवर ठरते. म्हणजे जो हळू, जपून तोडेल त्याची मजुरी कमी! मग कात्री कोण हातात धरेल? नासलेल्या मालाचा तोटा शेवटी पुढच्या वर्षीच्या भावातून शेतकऱ्याकडेच येतो. सौदा करतानाच कात्री आणि रोजाची मजुरी बोलून घ्यायला काय हरकत आहे? सौद्याच्या बैठकीत घरची बाई चहा घेऊन जाते तेवढीच, हा माझा जुना राग आहे, असो.

आम्हीही काही शहाण्या नव्हतो. गटानं विकायला चार क्रेट ठेवली, तर आम्ही हौसेनं फळं धुतली आणि प्लास्टिकमध्ये घट्ट बांधली. धुण्यानं सालीवरचं मेण गेलं, आत घाम धरला. आठव्या दिवशी सगळं हिरवं! आता विटांचा दुहेरी हौद केलाय. दोन भिंतींच्या फटीत वाळू, तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी, वरून ओलं गोणपाट. आपल्या कूलरचंच तत्त्व. मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा आपली हवा कोरडी असते, म्हणून तो छान गार राहतो. शीतगृहात ठेवायचं तर ६-७ अंश पुरे. त्याहून फार थंड केलं की सालीवर डाग येतात.

मैत्रिणीला हौद बघायला बोलावलंय. येताना नवऱ्यालाही आण म्हटलं, पुढच्या सौद्याचं बोलायचंय. "ते येतील का गं?" म्हणाली. आमच्याकडे पोहे आहेत म्हणून सांग, म्हटलं.