पितामह कशाला?

सू बेंग २०१९ मध्ये शंभरी पूर्ण करून गेले, आणि ‘तैवानी स्वातंत्र्याचे पितामह’ ही बिरुदावली पुन्हा दुमदुमली. पितामह म्हटले की माणूस वंदनीय होतो आणि वाचायचा राहून जातो. चँग काय-शेकच्या हत्येचा कट उघड झाल्यावर १९५२ मध्ये ते जपानला निसटले. टोकियोत नूडल्सचे दुकान चालवत त्यांनी ‘तैवानी लोकांचा चारशे वर्षांचा इतिहास’ लिहिला. १९६२ मध्ये तो छापला गेला, तोही जपानीत, म्हणजे जुन्या राज्यकर्त्यांच्या भाषेत! कुओमिंतांगच्या लेखी तैवान चीनच्या इतिहासाचे शेपूट होते. यांनी राबणाऱ्या तैवानी माणसाला कर्तेपद दिले. मार्क्सवादी चौकट कुठे ताणली असेल, तर तिथे खुशाल भांडावे. पण गौरवलेखक त्यांना नुसते ‘लोकशाहीवादी’ म्हणून मोकळे होतात, आणि तो कट तळटीपेतही उरत नाही.