‘आउट’चे वर्तुळ

नव्या वर्षाचे पाठ आखताना इंग्रजीच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे : फ्रेझल व्हर्बच्या याद्या क्रियापदांवरून लावू नका. गाइडात ‘गेट अप, गेट आउट, गेट ओव्हर’ अशी रांग असते, मुले ती घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. अर्थाचे धागे बहुतेक वेळा मागून येणाऱ्या छोट्या अव्ययात असतात. याद्या त्यावरून लावाव्यात.

‘आउट’ घ्या. दिवा ‘गोज आउट’ म्हणजे विझतो, चांदण्या ‘कम आउट’ म्हणजे दिसू लागतात. एकच अव्यय वस्तू नाहीशी करते आणि समोरही आणते. मुले इथेच गोंधळतात आणि आपण ‘पाठच करा’ म्हणून पुढे सरकतो. सुसान लिंडनर यांनी 1981 साली ‘अप’ आणि ‘आउट’ याच दोन अव्ययांवर प्रबंध लिहून त्यांच्या अर्थांतले नाते उलगडले. वर्गात ते दाखवायला फळ्यावरचे एक वर्तुळ पुरते. विचारा, पाहणारा कुठे उभा आहे? तो आत असेल, तर बाहेर गेलेली वस्तू त्याला दिसेनाशी होते : ‘पुट आउट’, ‘रब आउट’. तो बाहेर असेल, तर तीच वस्तू त्याच्यासमोर येते : ‘फाइंड आउट’, ‘वर्क आउट’, पुस्तक ‘कम्स आउट’. ‘लाइट गेली’, ‘लाइट आली’ असे रोज बोलणाऱ्या मुलाला हे परके वाटत नाही.

वर्तुळातले सगळे बाहेर पडले की ते रिकामे होते. म्हणून साखर संपली की आपण ‘रन आउट’ होतो, तिकिटे ‘सोल्ड आउट’ होतात, चपला ‘वेअर आउट’ होतात. इथे आपली संयुक्त क्रियापदे कामाला येतात : संपून जाणे, झिजून जाणे, थकून जाणे. ‘हिअर मी आउट’ला तर ‘माझे शेवटपर्यंत ऐकून घ्या’ हेच चपखल. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको, हा हट्ट आम्हाला म्हणूनच घातक वाटतो.

सगळेच वर्तुळात बसणार नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755च्या कोशाच्या प्रस्तावनेतच ही क्रियापदे परकीयांना फार जड जातात, असे नोंदवले होते. कागद ‘बर्न अप’ होतो आणि घर ‘बर्न डाउन’, हे शेवटी वाक्यांतूनच अंगवळणी पडते.

‘अप’ किंवा ‘ऑफ’साठी असे चित्र तुम्ही वर्गात वापरले असेल, तर मुले कुठे अडखळली त्यासह आम्हाला जरूर कळवा.