सेकंदाचा हिशेब चोख हवा

पहाटे रत्नागिरीत मारुती मंदिरजवळच्या शिवाजी स्टेडियमवर किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर गेले, तर धावणाऱ्यांचे दोन गट सहज ओळखू येतात. एक गट चाळिशी-पन्नाशीतल्या हौशी मंडळींचा. कोणाला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेले असते, तर कोणी हाफ मॅरेथॉनच्या तयारीत असतो. दुसरा गट विशीतल्या मुलामुलींचा. त्यांतले अनेक जण आसपासच्या गावांतून एसटीने किंवा दुचाकीवरून आलेले असतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर असते पोलीस भरती. दोन्ही गटांचे जोडे वेगळे आणि ध्येयेही वेगळी. पण प्रत्यक्ष धावण्याच्या दिवशी दोघांचेही नशीब एकाच वस्तूवर अवलंबून असते. छातीवरच्या नंबराला चिकटवलेला किंवा बुटाला बांधलेला कागदासारखा पातळ, जेमतेम ग्रॅमभर वजनाचा टॅग म्हणजे ती वस्तू.

या टॅगला आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख पटवणारी चिप म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये रत्नागिरीत कोकण कोस्टल मॅरेथॉन सुरू झाली आणि मोठ्या शहरांतल्या धावण्याच्या स्पर्धांचे वातावरण इथल्या रस्त्यांवरही आले. राज्याच्या पोलीस भरतीत धावण्याची वेळ मोजण्यासाठीही गेल्या काही वर्षांत हेच तंत्र वापरले जाऊ लागले आहे. हौशी धावपटूच्या प्रमाणपत्रावर चार सेकंद इकडचे तिकडे झाले, तर फार तर थोडी हळहळ वाटेल. भरतीच्या मैदानावर मात्र त्याच चार सेकंदांचे मोल फार मोठे आहे.

शिपाईपदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण असतात; १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५. पुरुषांनी १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत पूर्ण केले तर पूर्ण २० गुण मिळतात. त्यापुढे ५ मिनिटे ३० सेकंदांपर्यंत १८. म्हणजे ५ मिनिटे १० सेकंद आणि ५ मिनिटे ११ सेकंद यांत दोन गुणांचे अंतर पडते. एकेका गुणावर शेकडो उमेदवार दाटीवाटीने उभे असलेल्या यादीत दोन गुण म्हणजे निवड आणि पुढच्या भरतीची वाट पाहणे यांतला फरक. त्यामुळे वेळ कोण मोजतो आणि कशी मोजतो, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. तो न्यायाचा होतो.

पूर्वी हे काम स्टॉपवॉच आणि वही यांच्यावर चाले. विसेक जणांची तुकडी एकदम सुटायची, पंच फेऱ्या मोजायचे आणि शेवटी चार-पाच जण एकदम आले की कोणाची कोणती वेळ यावरून गोंधळ व्हायचा. चारशे मीटरच्या मार्गावर १६०० मीटरसाठी चार फेऱ्या होतात. मैदान लहान असेल तर फेऱ्या आणखी वाढतात. एखाद्याची फेरी मोजायची राहिली किंवा जास्त धरली गेली, तर तक्रार करायला कागदावर काहीच नसे. शिवाय हाताने घड्याळ दाबताना माणसाचा प्रतिसाद थोडा उशिराच येतो. शंभर मीटरच्या शर्यतीत हाती घड्याळाची वेळ स्वयंचलित यंत्राच्या वेळेपेक्षा साधारण पाव सेकंदाने कमी भरते, असे ॲथलेटिक्समध्ये धरले जाते. पंचाची चूक नसतानाही एवढा फरक पडतो.

टॅगने यातल्या बऱ्याच अडचणी दूर केल्या. त्याच्यात बॅटरी नसते. केसाएवढ्या जाडीची अँटेना आणि तिला जोडलेली इवलीशी चिप एवढेच असते. रेषेवर अंथरलेल्या मॅटमधून किंवा बाजूच्या खांबावरून रेडिओ लहरी सोडल्या जातात. टॅग त्यांच्या टप्प्यात आला की त्याच लहरींमधून त्याला क्षणभर वीज मिळते आणि तो आपला क्रमांक उलट पाठवतो. रीडर तो क्रमांक आणि त्या क्षणाची वेळ टिपून ठेवतो. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच पद्धतीने वाचला जातो. दोन्हीकडे लहरींचा पट्टाही जवळपास एकच आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा २००५ मध्ये अशा वापरासाठी परवानामुक्त करण्यात आला.

शर्यतींत ही कल्पना आली ती १९९०च्या दशकात नेदरलँड्समधून. जनावरांच्या ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या कुपीतल्या टॅगचेच तंत्र घेऊन तिथे बुटाच्या लेसला बांधायची ‘चॅम्पियनचिप’ तयार झाली. १९९६ साली बोस्टन मॅरेथॉनच्या शंभराव्या शर्यतीत हजारो धावपटूंनी ती बांधली. बोस्टनला तिची गरज वाटण्यासारखा इतिहासही होता. १९८० मध्ये रोझी रुइझ हिने महिलांमध्ये पहिली येऊन पदक घेतले. पण ती शेवटच्या टप्प्यातच मार्गात शिरली होती, असे दिसून आल्यावर काही दिवसांतच पदक काढून घेण्यात आले. आज वाटेत पाच-पाच किलोमीटरवर मॅट असतात. मधल्या नोंदी नसलेला धावपटू शेवटच्या रेषेवर अवतरला, तर संगणक लगेच बोट ठेवतो.

एवढे असूनही या तंत्राच्या मर्यादा आहेत आणि त्या उमेदवारांना, स्पर्धकांना कोणी समजावून सांगत नाही. पहिली मर्यादा अशी की, यंत्र धावणाऱ्याला ओळखत नाही, टॅगला ओळखते. एकाने दोघांचे टॅग घेऊन धाव घेतली, तर यंत्राच्या लेखी दोघे धावले. एकाचा टॅग दुसऱ्याने बांधला, तर दुसऱ्याच्या दमावर पहिल्याला गुण. ही फसवणूक पकडणे यंत्राचे काम नाही. त्यासाठी टॅग देताना आणि शर्यत संपताना चेहरा आणि ओळखपत्र पडताळणारा माणूसच लागतो.

दुसरी मर्यादा रेषेची. ॲथलेटिक्सच्या नियमांनुसार धावपटूचे धड रेषेवर आले की शर्यत संपते. डोके, हात किंवा पाय नव्हे. टॅग मात्र बुटावर असतो किंवा पोटाजवळ, आणि त्याचा सिग्नल रेषेच्या दोन-तीन मीटर अलीकडूनही पोचू शकतो. सिग्नल सर्वांत जोरकस असतो तो क्षण धरून संगणक वेळ ठरवतो. ही रचना नीट जुळवलेली नसेल तर चूक राहते. ५ मिनिटे १० सेकंदांत १६०० मीटर धावणारा सेकंदाला पाच मीटरहून थोडे अधिक अंतर कापतो. दोन मीटरचा घोळ म्हणजे जवळजवळ ०.४ सेकंद. मॅरेथॉनमध्ये हे खपून जाते, कारण रस्त्यावरच्या शर्यतींची अधिकृत वेळ पुढच्या पूर्ण सेकंदातच धरतात. शंभर मीटरला ते चालत नाही. म्हणूनच मोठ्या स्टेडियममध्ये अशा शर्यतींचा निकाल फोटोफिनिश कॅमेऱ्यावर लागतो, टॅगवर नाही.

तिसरी मर्यादा कोकणासाठी विशेष महत्त्वाची आहे, ती पाण्याची. या पट्ट्यातल्या रेडिओ लहरी पाणी शोषून घेते. मानवी शरीराचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते. त्यामुळे घामाने भिजून अंगाला चिकटलेला टॅग कधी कधी वाचलाच जात नाही. काही टॅगच्या मागे फोमची पट्टी असते, ती टॅग आणि अंग यांच्यात थोडे अंतर राहावे म्हणून. २०२४ च्या भरतीत राज्यातील मैदानी चाचण्या १९ जूनपासून सुरू झाल्या; म्हणजे कोकणात ऐन पावसाच्या दिवसांत. चिखलाचे मैदान, मॅटवर साचलेले पाणी आणि ओलाचिंब नंबर या तिन्हींचा विचार कोरड्या प्रदेशातल्या व्यवस्थेत होईलच असे नाही. इथे तो करावाच लागेल. हवामान खराब असेल तर चाचणी पुढे ढकलणे ही उमेदवारांवरची मेहेरबानी नाही, मोजमाप अचूक ठेवण्याची अट आहे.

आरोग्याच्या दृष्टीने या टॅगचा एक उपयोग अजून पुरेसा ओळखला गेलेला नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमधल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या आणि त्यांपैकी ४२ जणांचा मृत्यू झाला. प्रमाण अगदी अल्प आहे, त्यामुळे धावणे सोडण्याचे कारण नाही. पण या घटना बहुधा शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात घडतात आणि जीव वाचतो तो जवळ कोणीतरी लगेच छाती दाबायला सुरुवात केली तर. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. किनारपट्टीवर उष्माघाताचा धोका त्यामुळे वाढतो.

इथे टॅग कामाला येतो. दहा किलोमीटरच्या मॅटवर नोंद झालेला धावपटू अपेक्षित वेळेत पंधराच्या मॅटवर आला नाही, तर त्याला कुठे शोधायचे हे वैद्यकीय पथकाला कळते. एखाद्याचा वेग टप्प्याटप्प्याने फार झपाट्याने घसरत असेल, तर तोही इशारा असतो. निकाल छापण्यासाठी गोळा होणारी हीच माहिती रुग्णवाहिकेच्या शेजारी बसलेल्या डॉक्टरच्या पडद्यावरही दिसली पाहिजे. भरतीच्या मैदानावरही हाच न्याय लागू होतो. २०२४ च्या भरतीत राज्यात धावताना कोसळलेल्या एका तरुणाला प्राण गमवावे लागले, हे विसरून चालणार नाही.

मग करायचे काय? पहिले म्हणजे, एका यंत्रावर विसंबू नये. रेषेवर दुसरा रीडर आणि घड्याळासह चित्रण करणारा कॅमेरा असावा. दोन्ही नोंदी जुळल्या की वाद उरत नाही. दुसरे, प्रत्येक टॅग धावण्याआधी एकदा वाचून दाखवावा. तिसरे, धाव संपताच उमेदवाराला त्याची एकूण वेळ आणि प्रत्येक फेरीची वेळ लिहून हातात द्यावी आणि त्याची सही घ्यावी. दुसऱ्या दिवशी यादीत पाहा, हे उत्तर पुरेसे नाही. चौथे, हरकत घ्यायची असेल तर कोणाकडे, किती वेळात आणि चित्रण कसे पाहायचे, हे मैदानाच्या दारावर मराठीत लावावे. टॅग वाचला गेला नाही, तर तो दोष उमेदवाराचा नाही. त्याची वेळ कॅमेऱ्यावरून ठरवावी, त्याला पुन्हा दमछाक करायला लावू नये.

हौशी स्पर्धांच्या आयोजकांनीही काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. बंदूक वाजल्यापासूनची वेळ आणि धावपटूने स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांत बंदुकीची वेळच अधिकृत असते; गर्दीत मागे उभ्या राहिलेल्याला मात्र चिपची वेळ अधिक खरी वाटते. बक्षीस कोणत्या वेळेवर मिळणार, हे नोंदणीच्या अर्जावरच छापले तर बक्षीस समारंभात भांडणे होणार नाहीत. मुंबईसारख्या मोठ्या मॅरेथॉनच्या प्रवेशासाठी आधीच्या स्पर्धेतली नोंदलेली वेळ दाखवावी लागते, हे लक्षात घेता रत्नागिरीत मिळणारे प्रमाणपत्रही धावपटूच्या दृष्टीने महत्त्वाचा दस्तऐवज ठरते.

यंत्र आले की माणसाचा पक्षपात संपतो, असा समज सोयीचा आहे, पण अर्धाच खरा आहे. पक्षपात कमी होतो. चूक मात्र दिसेनाशी होते, कारण संगणकाच्या आकड्याशी भांडायला सामान्य माणूस कचरतो. वर्षभर पहाटे उठून, घरची भाकरी खाऊन, दुसऱ्याचे जोडे मागून धावलेल्या मुलाला यंत्राने दिलेला आकडा मान्य असेल. फक्त तो कसा आला, हे त्याला विचारता आले पाहिजे आणि दाखवताही आले पाहिजे. भरतीची पुढची तुकडी मैदानावर उतरण्यापूर्वी एवढी तयारी करणे कोणत्याही प्रशासनाला अवघड नाही.